‘चाली जाई’ म्हणून जो थांबत नाही

पारोळ्याकडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्या प्राथमिक शाळेत शिकवतात, मुलगा नववीत आहे. घरात जे हाती लागेल ते उघडून बसतो. मिक्सर दोनदा उघडला, दुसऱ्यांदा तो परत जुळला नाही. मार्क पन्नास-पंचावन्नच्या घरात. एक नातेवाईक म्हणतात, पोरगं क्रिएटिव्ह आहे. दुसरे म्हणतात, नुसतं उचापती आहे. ताईंना विचारायचंय की कल्पक विचार करणाऱ्या माणसात नेमके कोणते गुण आणि कोणत्या क्षमता असतात, त्या उपजत असतात की कमावता येतात, आणि घरी आपण काय करू शकतो.

ताई, आधी माझ्याबद्दल सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मानसशास्त्रज्ञ नाही. जळगाव जिल्ह्यात आयटीआयला फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून 29 वर्षं काढली. निवृत्तीनंतर शिक्षकांचे आणि शेतकऱ्यांच्या पोरापोरींचे वर्ग घेतो, आणि त्यापायी या विषयावरचं संशोधन वाचायची सवय लागली. तेव्हा खाली जे लिहितोय त्यातलं निम्मं वाचलेलं आहे, निम्मं व्हाइससमोर, म्हणजे काम घट्ट धरायच्या शिकंज्यासमोर, उभं राहून कळलेलं आहे.

आमच्याकडे पहिल्या महिन्यात एकच काम असतं. एम.एस.चा, म्हणजे साध्या पोलादाचा, तुकडा व्हाइसमध्ये धरायचा आणि कानशीने घासून त्याच्या कडा काटकोनात आणायच्या. काटकोन तपासायचा गुण्या लावायचा, तुकडा खिडकीकडे धरायचा, आणि जिथून उजेड झिरपतो तिथे अजून घासायचं. आठव्या-दहाव्या दिवशी पोरांचे तळहात सोलतात आणि ती म्हणतात, "सर, चाली जाई." अहिराणी येत नसेल त्यांच्यासाठी: चालून जाईल. हे वाक्य मी 29 वर्षं ऐकलं, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर बऱ्याचदा खरंच चालून जातं. पण ज्या मोजक्या पोरांबद्दल मला पुढे वाटलं की याचं डोकं वेगळं चालतं, त्यांच्यात बाकी गुण कमीजास्त होते, एक मात्र सगळ्यांत होता. काम चालून जाईल असं दिसल्यावरही ती त्याच्याकडे आणखी थोडा वेळ बघत बसायची. तुम्ही गुणांची यादी विचारली आहे. यादी देतो, पण माझ्या मते ती सगळी या एका खुंटीला टांगलेली आहे.

आता शास्त्राकडे येतो. या विषयाचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू झाला तो 1950 पासून. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष जे. पी. गिल्फर्ड यांनी आपल्या भाषणात सहकाऱ्यांना सुनावलं की कल्पकतेकडे आपण फारच दुर्लक्ष केलंय, आणि बुद्धीच्या नेहमीच्या चाचण्यांत ती सापडायचीही नाही. त्या चाचण्या एकच बरोबर उत्तर मागतात. गिल्फर्ड यांनी विचाराचे दोन प्रकार मांडले. एकात मन सगळ्या बाजूंनी एका उत्तराकडे एकवटतं, दुसऱ्यात ते एका प्रश्नातून अनेक दिशांना फाकतं. शेतकऱ्याला सांगायचं तर पाटाचं पाणी कधी एका सरीत कोंडून न्यावं लागतं, कधी वाफ्यावाफ्यात मोडावं लागतं. कल्पक माणसाला दोन्ही जमावं लागतं. नुसतं फाकणारं डोकं म्हणजे पाट फुटलेलं शेत.

फाकणाऱ्या विचाराची मापं त्यांनी चार धरली: ओघ, लवचीकपणा, नावीन्य आणि तपशील. पुढे 1966 मध्ये टॉरन्स यांनी मुलांसाठी ज्या चाचण्या केल्या, त्यांतही हीच मापं दिसतात. शब्द कोरडे आहेत, म्हणून मी वर्गात काय करतो ते सांगतो. टेबलावर सायकलची जुनी ट्यूब टाकतो आणि पाच मिनिटं देतो: हिचा उपयोग कशाकशाला होईल, लिहा.

एकदा एका पोराने 17 उपयोग लिहिले. मान ताठ करून कागद दिला. वाचले तर कॅरियरला भारा बांधायला, गेट बांधायला, पऱ्हाटीची मोळी बांधायला, टपावरचं सामान बांधायला... सतरा वेळा बांधलं होतं. ओघ भरपूर, पण गाडी एकाच चाकोरीत. शेजारच्या पोरीने सातच लिहिले होते: गलोल, नळाला वॉशर, कलम बांधायला, विळ्याच्या मुठीला गुंडाळायला, फुगवून विहिरीत पोहायला, हादरणाऱ्या मशीनखाली गादी म्हणून, आणि पाणी भरून भोकं पाडून मिरचीच्या रोपाशी ठेवायला. नीट बघा ताई. एकीकडे तिने ट्यूबचा ताण वापरलाय, दुसरीकडे पाणी अडवायचा गुण, तिसरीकडे पकड, चौथीकडे आत हवा राहते हे, पाचवीकडे पाणी राहतं हे. तिने ट्यूब मनात सोलून तिचे गुण वेगवेगळे करून ठेवले होते. याला लवचीकपणा म्हणतात. नावीन्य म्हणजे ते उत्तर बाकीच्यांच्या कागदावर नसणं. गलोल तर सगळेच लिहितात, मिरचीचं तिच्या एकटीचं होतं.

चौथं माप, तपशील, हे कागदावर कळत नाही, म्हणून मी तिला विचारलं, "भोक कशाने पाडशील?" म्हणाली, "सुईने." मग स्वतःच थांबली. "नाही सर, सुईचं भोक रबर मिटवून टाकतं. तार तापवून पाडावं लागेल." मी पुढे काही विचारलं नाही. चहाच्या सुट्टीत ती एकटीच ट्यूबशी खेळत बसली होती.

या चारांच्या आधी एक पाचवी क्षमता येते, आणि तिच्याबद्दल शाळेत कोणी बोलत नाही. गिल्फर्ड यांच्या यादीत ती होती: अडचण जाणवणं. सगळ्यांना जे ठीक वाटतंय त्यात कुठे काय खुपतंय हे लक्षात येणं. ही मला एका पोराने शिकवली, माझी फजिती करून.

रावेरकडचा पोरगा. सुट्टीत केळीच्या कटाईवर मजुरीला जायचा. घड 20-25 किलोचा, खांद्यावर घेऊन बागेतून बांधावरच्या गाडीपर्यंत आणायचा. त्याच्या सगळ्या शर्टांवर केळीच्या चिकाचे काळपट डाग, ते कशानेही जात नाहीत. त्या वर्षी प्रकल्पाला मी विषय दिला ‘घडाची वाहतूक’, आणि उत्तरही मनात पक्कं करून बसलो: सायकलची दोन चाकं, वर पाइपची चौकट, घड लटकवायला आकडे. गाडी झाली. वर्कशॉपच्या फरशीवर एका बोटाने पळायची. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या बागेत नेली. चार पावलांत ठिबकची नळी चाकाभोवती गुंडाळली गेली, मग वाळक्या पानांचा लगदा, आणि दोन झाडांमधून वळायला जागाच नाही. मालक हसला नाही हे त्याचे उपकार. माझं वेल्डिंग उत्तम होतं. पण घड खांद्यावर घेऊन त्या बागेतून मी आयुष्यात एकदाही चाललो नव्हतो.

पोरगा मागे उभा होता. म्हणाला, "सर, घड वाहताना खराब होत नाही. ठेवताना होतो. आणि खांद्यावर सरकतो म्हणून आपण तो मानेशी दाबतो, तिथल्या फण्या घासतात."

म्हणजे मी जो प्रश्न सोडवत होतो, तो प्रश्नच नव्हता.

पुढे त्याने काय केलं ते बारकाईने सांगतो, कारण बहुतेक सगळे गुण त्यात दिसतात. त्याचे काका पाइपलाइन टाकायचं काम करायचे. पीव्हीसी पाइपचं तोंड जाळावर तापवून फुगवतात आणि त्यात दुसरा पाइप बसवतात, हे तो लहानपणापासून बघत आलेला. त्याने सहा इंची पाइपचा हातभर तुकडा उभा चिरला, तापवला, खांद्यावर दुहेरी पोतं टाकून त्यावर दाबला आणि खांद्याचा आकार घेतला. थोडा भाजला, मी ओरडलोही. आत जुन्या गादीचा फोम लावला, झालं खांद्याचं खोगीर. पहिल्या खोगिरात फोम चीक पिऊन कडक झाला. दुसऱ्यात वरून रेक्झिन लावलं, तर घड सटकायला लागला. तिसऱ्यात पुढच्या कडेला ओठ काढला. चौथ्यात छातीवरून पट्टा आला, पण पट्ट्याचं बकल घामाने गंजेल असं त्याचं त्यालाच वाटलं, म्हणून पाचव्यात बकल जाऊन गाठ आली. ठेवायचा प्रश्न त्याने बांधावर कमरेएवढी घडवंची मांडून सोडवला, वर ट्यूबच्या पट्ट्यांची जाळी विणून. घडवंची मूळची पाण्याच्या घड्यांची. याने केळीच्या घडांची केली. त्या श्लेषावर तो दोन दिवस खूश होता.

याच्यात कोणकोणत्या क्षमता आहेत? अडचण नेमकी कुठे आहे हे दिसणं, ही पहिली. दुसरी, लांबच्या दोन गोष्टी जोडणं. काकाचा पाइप आणि मजुराचा खांदा यांचा तसा काही संबंध नाही. सार्नोफ मेडनिक यांनी 1962 मध्ये कल्पक विचाराची व्याख्याच जवळपास अशी केली: मनात एकमेकांपासून दूर पडलेल्या गोष्टींना कामाचा धागा लावता येणं. पण धागा लावायला त्या गोष्टी मनात आधी असाव्या लागतात, आणि ही तिसरी बाब, विषयाची जाण. तिसऱ्या खोगिराचा ओठ मला सुचला नसता, कारण घड कुठल्या बाजूला कलंडतो हे माझ्या खांद्याला ठाऊक नव्हतं. चौथी बाब म्हणजे दुसऱ्या आणि चौथ्या नमुन्याला ‘चाली जाई’ न म्हणणं.

विषयाच्या जाणेबद्दल थोडं रेंगाळतो, कारण इथे आपल्याकडे एक गैरसमज पक्का बसलेला आहे. खान्देशात कल्पकतेचा विषय निघाला की पाच मिनिटांत कोणीतरी बहिणाबाईंचं नाव घेतं, आणि पुढचं वाक्य ठरलेलं: बघा, अक्षरओळख नव्हती, तरी केवढी प्रतिभा, म्हणजे शिकून काही होत नाही, देणगी असावी लागते. मला हे पटत नाही. आसोद्यात 1880 मध्ये जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, हे खरं. त्यांच्या रचना घरच्यांनी उतरवून ठेवल्या म्हणून उरल्या. पण जात्यावरच्या ओवीची लय, यमक, शेतातल्या प्रत्येक कामाचं नाव आणि त्याचा आवाज हे सगळं दिवसरात्र कानात आणि हातात मुरलेलं होतं. ते शिक्षणच होतं, फक्त त्याचं प्रमाणपत्र नव्हतं. प्रतिभा नव्हती असं मी म्हणत नाही. ती रिकाम्या जागेत उगवली नाही, एवढंच म्हणतो.

पण जाणतेपणाची एक खोड असते. तोच पुढे डोळ्यांवर झापड होतो. कार्ल डंकर यांचा 1945 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. मेणबत्ती, काड्यापेटी आणि खोकाभर टाचण्या देतात. मेणबत्ती भिंतीवर लावायची. उत्तर असं की खोकं रिकामं करायचं, टाचण्यांनी भिंतीला ठोकायचं आणि त्यावर मेणबत्ती ठेवायची. टाचण्या खोक्यातच ठेवून दिल्या तर खूप जण अडकतात, कारण खोकं त्यांना ‘टाचण्या ठेवायचं’ दिसतं. खोकं रिकामं करून शेजारी ठेवलं की जास्त लोकांना उत्तर सापडतं.

लुचिन्स यांचा 1942 चा मापांचा प्रयोग तर मी शिक्षकांच्या वर्गात हमखास करतो. तीन मापं आहेत: 21, 127 आणि 3. पाणी मोजून 100 हवंय. 127 भरायचं, त्यातून 21 एकदा आणि 3 दोनदा काढायचं. अशीच चार-पाच गणितं देतो, सगळी त्याच रीतीने सुटणारी. मग देतो 23, 49 आणि 3, हवेत 20. सगळा वर्ग 49 मधून 23 एकदा आणि 3 दोनदा काढत बसतो. उत्तर बरोबर येतं. पण 23 मधून 3 काढले तरी 20 च राहतात, हे दिसायला एखादा नवखा लागतो, बहुतेक वेळा उशिरा आलेला आणि पहिली गणितं चुकलेला.

या झापडीवर औषध काय, तर एकच गोष्ट अनेक रीतींनी करून बघणं. ही काही परदेशातून आलेली युक्ती नाही. चाळीसगावजवळ पाटणे येथे 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याची ती नोंद. त्या ग्रंथांपैकी ‘लीलावती’त 135 गुणिले 12 हे गणित आहे, आणि एकाच गुणाकाराच्या अनेक रीती दिल्या आहेत. बारा अखंड घेऊन गुणा. नाहीतर बाराचे 4 आणि 8 करा: 540 आणि 1080. नाहीतर आधी तिपटीने 405 आणि त्याची चौपट. नाहीतर एकक-दशक वेगळे करा. नाहीतर 20 पट करून 8 पट वजा करा: 2700 वजा 1080. कसंही करा, 1620. विद्यार्थ्याला उत्तर तर पहिल्याच रीतीत मिळालं होतं, मग बाकीच्या कशासाठी? मी याचा अर्थ असा लावतो की उत्तर मिळाल्यावरही आकड्याकडे बघत राहायला शिकवलंय. आज एखाद्या मुलाने शाळेत दुसऱ्या रीतीने उत्तर काढलं तर पायरीचे मार्क जातात. ताई, तुम्ही शिक्षिका आहात, म्हणून हे तुम्हालाच सांगतो.

त्याच चाळीसगावात केकी मूस (1912–1989) राहायचे. स्टेशनजवळच्या घरातून अनेक दशकं ते क्वचितच बाहेर पडले, आणि तरी छायाचित्रकार म्हणून नाव कमावलं. टेबलावर साध्या वस्तू मांडून, उजेड हवा तसा पाडून ते अख्खा देखावा उभा करायचे. एवढीशी जागा, मोजक्या वस्तू. साधनं कमी पडली की कल्पकता मरते असं लोक म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. मोकळ्या वर्गात ‘काहीही करा’ म्हटलं की पोरं मोबाइल काढतात. ‘या तीनच वस्तू, अर्धा तास’ म्हटलं की कामाला लागतात.

स्वभावाचं काय? बिग फाइव्ह म्हणून व्यक्तिमत्त्वाचे जे पाच मोठे पैलू मोजतात, त्यांतला नव्या अनुभवांकडे असलेला मोकळेपणा कल्पकतेशी सगळ्यांत सातत्याने जुळतो. कुतूहल, वेगळं चाखून बघायची तयारी, आपल्या मताविरुद्धचं ऐकून घेणं. दुसरा गुण, अर्धवट अवस्था सहन करणं. उत्तर नाही, काही सुचत नाही, मांडणी विस्कटलेली पडली आहे, घरचे विचारतायत ‘झालं का’; हे चार दिवस पोटात ठेवता आलं पाहिजे. बहुतेक लोक वाईट उत्तर पत्करतात ते आळसाने नाही, ही घालमेल सोसत नाही म्हणून. तिसरा गुण म्हणजे हसं झालं तरी चालेल ही तयारी, आणि आपल्याकडच्या गावात याची किंमत शहरापेक्षा जास्त पडते. पारावर एकदा नाव पडलं की वीस वर्षं पुसत नाही.

मार्क आणि बुद्धीबद्दल दोन ओळी पुरेत. साधारण बुद्धी लागतेच. पण जितका बुद्ध्यंक जास्त तितकी कल्पकता जास्त, असा सरळ हिशोब लागत नाही, आणि नेमका कुठपर्यंत लागतो यावर अभ्यासक अजून भांडतायत. पंचावन्न टक्क्यांवरून तुमच्या मुलाच्या कल्पकतेबद्दल काहीच कळत नाही, ना चांगलं ना वाईट. उजवा मेंदू कल्पक आणि डावा हिशोबी, हे मात्र साफ विसरा. त्या नावाने मुलांचे वर्ग चालवून फी घेतात, तिथे पैसे घालू नका.

उपजत की कमावलेलं, याचं खरं उत्तर कंटाळवाणं आहे: दोन्ही. स्वभावातला मोकळेपणा काही अंशी घेऊनच मूल येतं. जाण, रीती बदलून बघायची सवय, नमुना मोडून पुन्हा करायची शिस्त ही कमवावी लागते आणि कमावता येते. तेरेसा अमाबिले यांनी 1983 मध्ये मांडणी केली तीत तीन गोष्टी आहेत: विषयातलं कौशल्य, कल्पक विचाराच्या सवयी, आणि कामाचीच ओढ. तिसरी आपण घरी नकळत मारतो. त्यांचाच एक साधा प्रयोग आहे. लहान मुलींच्या दोन गटांना कागदाचे तुकडे चिकटवून चित्रं करायला सांगितली. एका गटाला सांगितलं, चांगल्या चित्रांना बक्षिसं आहेत. दुसऱ्या गटात बक्षिसं चिठ्ठ्या टाकून द्यायची होती. कोणतं चित्र कोणत्या गटातलं हे माहीत नसलेल्या चित्रकारांनी ती तपासली. बक्षिसासाठी चढाओढ करणाऱ्या मुलींची चित्रं कमी कल्पक ठरली. विज्ञान प्रदर्शनाच्या आधी महिनाभर ‘जिल्ह्याला गेलं पाहिजे’ असं पोराच्या मागे लागणारे आईबाप पाहिले की मला हा प्रयोग आठवतो. त्या तंबूत दरवर्षी तीच तीन-चार मॉडेलं का दिसतात, त्याचं उत्तरही यातच आहे. जिंकलेलं पुन्हा करणं सुरक्षित असतं.

आता जुगाडाबद्दल, कारण तुमचे ते पहिले नातेवाईक बहुधा तेच बघून पोराला क्रिएटिव्ह म्हणत असतील. जुगाडाचं कौतुक मलाही आहे. फवारणी पंपाचा नोझल तुटला आणि रिफिलच्या नळीवर दिवस निभावला, तर त्या माणसाला सलामच. पण जुगाड म्हणजे ‘चाली जाई’ला नेऊन सोडणारी पहिली वाट. दुसऱ्या दिवशी तो माणूस नोझलकडे परत जातो का, हे मी बघतो. बहुतेक जात नाहीत, रिफिल तीन हंगाम तशीच राहते.

याच्या उलट पांझरा नदीच्या काठची पाणीवाटपाची फड पद्धत बघा. धुळे आणि नाशिकच्या भागात काही शतकं चाललेली. बंधाऱ्यातून पाट काढायचा, खालची जमीन फडांत, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटायची, एका फडात एकच पीक घ्यायचं आणि पाणी फडाला द्यायचं, वाटायला पाटकरी. ‘माझ्या वावराला पाणी कसं मिळेल’ हा प्रश्न कोणीतरी उलटा करून ‘फडाला पाणी कसं मिळेल’ असा विचारला. इथे यंत्र नवं नाही, नियम नवा आहे. आणि तो एका दिवसात सुचलेला नसणार, दुष्काळी वर्षं बघत बघत घासून घासून काटकोनात आणलेला असणार. कल्पकता म्हटली की आपण वस्तू शोधतो. कोणाला आधी, कोणाला नंतर, वाटणी कशी, हेही तितकंच तिचं क्षेत्र आहे. घरातल्या एका बाथरूमची सकाळची पाळी लावणारी आजीसुद्धा त्यात येते.

गटात बसून कल्पना काढण्याबद्दल एक सूचना, तुमच्या शाळेत उपयोगी पडेल. 1958 मध्ये येल विद्यापीठात पडताळून पाहिलं, तर एकत्र बसून कल्पना काढणाऱ्या गटापेक्षा तितकीच माणसं वेगवेगळी बसवून त्यांच्या याद्या एकत्र केल्या तर कल्पना जास्त निघाल्या. म्हणून मी आधी दहा मिनिटं प्रत्येकाला गप्प बसून लिहायला लावतो, मग एकत्र बसवतो. नाहीतर मोठ्या आवाजाचा पोरगा जे बोलतो त्याच्याच आजूबाजूला सगळे फिरतात, आणि पोरी तर तोंडच उघडत नाहीत.

आणि अडकल्यावर थोडं बाजूला ठेवा. ग्रॅहम वॉलस यांनी 1926 मध्येच कल्पक कामाच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या: तयारी, मुरणं, सुचणं, पडताळणं. दुसरी पायरी म्हणजे नुसतं झोपणं नव्हे. आधी भरपूर झगडलेलं असेल तरच ते मुरतं. विरजण न लावता दूध रात्रभर ठेवलं तर सकाळी नासतं.

तुमच्या मुलाकडे येतो. उघडून बघणं हे कुतूहल आहे आणि ते त्याच्याकडे आहे, मोठी गोष्ट आहे. पण मिक्सर दुसऱ्यांदा जुळला नाही, यात मला खरी खबर दिसते. पहिल्यांदा जुळला तेव्हा त्याने कुठला स्क्रू कुठला हे कुठेच मांडून ठेवलं नसणार. त्याला एक अॅल्युमिनियमची परात आणि एक दोनशे पानी वही द्या. उघडलेला प्रत्येक भाग काढलेल्या क्रमाने परातीत, आणि वहीत त्याचं हाताने काढलेलं चित्र. चित्र सुंदर नको, बाण आणि मापं हवीत. मोबाइलचा फोटो चालणार नाही. फोटो काढताना डोळा बघत नाही. काही बिघडलं तर ‘कशाला हात लावलास’ ऐवजी ‘कुठे अडकलं’ विचारा, आणि उत्तर ऐकून घ्या, तुम्हाला त्यातलं काही कळत नसलं तरी. काम झालं की आणखी एक विचारा: "दुसऱ्या कुठल्या रीतीने झालं असतं?" रोज नको, चिडेल.

दिवाळीच्या सुट्टीत त्याला गावातल्या एखाद्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात पंधरा दिवस बसवा. पगार नको, चहा पुरे. जळलेल्या मोटारीचे वेढे मोजताना त्याला कंटाळा यायचा तो येऊ द्या. त्या कंटाळ्यानंतरही तो तिथे टिकला, तर मला कळवा. नाही टिकला तरी कळवा. मग त्याची ओढ दुसरीकडे असेल आणि आपण ती शोधू. उघडून बघायची सवय कथा लिहिणाऱ्यालाही लागते आणि वकिलालाही. आणि त्या दोन्ही नातेवाइकांना सांगा, पोराला वर्षभर ‘उचापती’ म्हणू नका. ‘क्रिएटिव्ह’ही म्हणू नका. दोन्ही नावं अंगाला चिकटतात, आणि मग पोरगं वस्तूकडे बघायचं सोडून आपल्याकडे कोण बघतंय ते बघत राहतं.

तो जो मिक्सर पडलाय तो भंगारात घालू नका, तसाच परातीत राहू द्या, परीक्षा झाल्यावर तो स्वतःच त्याच्याकडे वळेल. फक्त प्लग सॉकेटमधून काढलेला आहे, हे दर वेळी तुम्ही स्वतः बघा. पंख्याचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देतो, त्याला एकट्याने हात लावायचा नाही. आणि शेतातल्या विहिरीवरचा स्टार्टर मात्र त्याला पुढची काही वर्षं उघडू देऊ नका, कितीही गोड बोलला तरी.